रामघाट: दगड, माती आणि फेस

रामघाट हा काशीच्या उत्तरेकडच्या घाटांपैकी एक. एका बाजूला मेहता घाट, दुसऱ्या बाजूला जटार घाट आणि मागे चौखंबा, ठठेरी बाजार यांच्या गल्ल्या. रामनवमीला येथे स्नानाची झुंबड उडते. एरवी दशाश्वमेधाची आरती, तिचे दिवे आणि त्या दिव्यांमागून येणारे छायाचित्रकार इथपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे माणसाला पायरीवर नुसते बसता येते.

या पट्ट्यात मराठी माणसाला परके वाटण्याची सोय नाही. जटार घाट ग्वाल्हेर दरबारच्या जटार दिवाणांचा. त्याला लागून खुद्द ग्वाल्हेर संस्थानचा घाट. खालच्या अंगाला पंचगंगा, जिथे एकनाथांनी आपले भागवत पुरे केल्याची परंपरा सांगते. वरच्या अंगाला गणेशघाटावर अमृतराव पेशव्यांचा गणपती, मग नागपूरकर भोसल्यांचा घाट, मग शिंद्यांचा. मराठी सरदारांनी या काठावर जो दगड ओतला, त्यामागे एकच खास मराठी प्रश्न होता: टिकेल ना?

त्याचे उत्तर गंगेने दिले आहे. बायजाबाई शिंद्यांनी 1830 च्या सुमारास बांधलेला घाट इतका भरभक्कम होता की तो स्वतःच्याच वजनाने खचला आणि विसाव्या शतकात पुन्हा बांधावा लागला. शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे देऊळ तिरके झाले आहे, ते सुमारे 9 अंशांनी. पिसाचा मनोरा 4 अंशांहूनही कमी कललेला असून जगप्रसिद्ध आहे. रत्नेश्वर वर्षातले कित्येक महिने गाभाऱ्यासह पाण्यात असतो, म्हणून बहुधा त्याची जाहिरात कमी पडली.

दगडापेक्षा टिकाऊ माल रामघाटावर मिळतो, पण तो तोंडी असतो. येथील वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात वेद पाठ करून शिकवतात. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या देवव्रत रेखे या 19 वर्षांच्या तरुणाने येथे शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण 50 दिवसांत, न पाहता पूर्ण केले. मंत्र सुमारे 2,000. दंडक्रमात शब्द सुलट म्हणायचे, उलट म्हणायचे, मग एकेक शब्द वाढवत पुन्हा तेच. हजाराव्या मंत्राला पोचेपर्यंत सामान्य माणूस स्वतःचे नावही उलटे सांगू लागेल. ही करामत घरी करून पाहू नये. स्वतःचा मोबाइल क्रमांक पाठ असलेल्यांनी तर मुळीच नाही, तेवढ्यावरच समाधान मानावे.

घाटाच्या पायऱ्या चढून गल्लीत शिरले की मात्र न टिकणाऱ्या वस्तूंचे राज्य सुरू होते. त्यातली पहिली पुरवा. बाकीचा हिंदी मुलूख ज्याला कुल्हड म्हणतो तो हा मातीचा पेला. त्याला झिलई नसते, म्हणून तो चहातला पहिला घोट स्वतः पितो आणि बदल्यात मातीचा वास देतो. मातीचे भांडे एकदा उष्टे झाले की शुद्ध होत नाही, या जुन्या समजुतीमुळे तो एकाच वापरानंतर टाकतात. एकदाच वापरून फेकायच्या पेल्याचा शोध लागण्यापूर्वी काशीने तो शतकानुशतके फेकलेला आहे. रेल्वेने याची नक्कल करायचा प्रयत्न अनेकदा केला. 2004 नंतर लालूप्रसाद यादवांनी स्थानकांवर कुल्हड आणले. काही वर्षांत कागदी पेले परतले. 2019 मध्ये वाराणसी आणि रायबरेली स्थानकांवर पुन्हा हुकूम निघाला आणि त्याच वर्षी नागपूरच्या नितीन गडकरींनी 100 स्थानकांवर कुल्हडांची कल्पना मांडली. कुंभाराचे चाक गोल असल्याने धोरणही त्याच जागी परत येते.

मराठी यात्रेकरूची अडचण पुरवा फेकण्याच्या क्षणी सुरू होते. न फुटलेली वस्तू टाकायची, ही कल्पना त्याला घरी कोणी शिकवलेली नसते. तो पुरवा विसळतो, वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि गंगाजलाच्या गडूशेजारी पिशवीत ठेवतो. भुसावळ येईपर्यंत तो फुटतो. न फुटल्यास पुढची वीस वर्षे त्यात पेन राहतात, त्यातले एकही चालत नाही.

पुरव्यातला सर्वांत नाजूक पदार्थ मलइयो. हा फक्त थंडीचा. दूध आटवून रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे घुसळतात आणि वर येणारा केशरी फेस काढून घेतात. चौखंबा, ठठेरी बाजारात सकाळी तो ढिगाने दिसतो आणि ऊन चढले की दिसेनासा होतो. जिभेवर ठेवल्यावर आपण नेमके काय खाल्ले हे ठरवायला वेळ मिळत नाही, म्हणून लोक दुसरा पुरवा घेतात. खाऊन झाल्यावर विक्रेता त्याच पुरव्यात केशरी दूध ओततो. हवेचे पैसे घेतले, असा आरोप होऊ नये, यासाठी ही व्यवस्था असावी.

कचौरी आणि जिलबी ही येथील न्याहारी. ती पोट भरण्यासाठी असते, एवढे सांगणे पुरे. ठठेरी बाजारातील राम भांडाराची तिरंगी बर्फी मात्र थांबण्याजोगी आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात तिरंगा फडकवणे गुन्हा होता, तेव्हा येथे केशर, खवा-काजू आणि पिस्ता यांचे तीन थर लावून तो विकायला ठेवला गेला. पोलिसांपुढे पेच असा की पुरावा जप्त करावा तरी तो शिल्लक राहीलच याची हमी कोण देणार? 2024 मध्ये या बर्फीला भौगोलिक मानांकन मिळाले.

चित्रपटांनी काशीतले हे खाणे जवळजवळ दुर्लक्षित ठेवले. पडद्यावर येथे दोनच उद्योग चालतात, मरणे आणि प्रेमात पडणे. सत्यजित राय यांच्या 1956 च्या ‘अपराजितो’त नायकाचा बाप हरिहर घाटावरच कोसळतो, त्या चित्रपटाला व्हेनिसमध्ये सुवर्णसिंह मिळाला. ‘रांझणा’ (2013) आणि ‘मसान’ (2015) यांनी दोन्ही उद्योग एकत्र केले. ‘मुक्ति भवन’मधला म्हातारा मरायला येतो आणि खोली मिळते ती 15 दिवसांच्या बोलीवर, मृत्यूने मुदत पाळली नाही तर काय, हा प्रश्न उरतोच. काशीच्या स्वभावाला सर्वांत जवळ गेले ते पुन्हा रायच, 1979 च्या ‘जय बाबा फेलुनाथ’मध्ये: तिथे खलनायक धमकी देण्याआधी सरबत देतो. बनारसी पानाची देशभर कीर्ती केली ती मात्र ‘डॉन’मधल्या (1978) गाण्याने, आणि त्या चित्रपटाची गोष्ट मुंबईत घडते. गाणे लिहिणारे अनजान मूळचे बनारसचे होते, एवढाच काय तो अस्सल माल.

पडद्याबाहेरच्या परंपरांमध्ये पहिला मान कालभैरवाचा. तो काशीचा कोतवाल. सध्याचे देऊळ दुसऱ्या बाजीरावाने बांधवले असे सांगतात. जवळच्या कोतवाली ठाण्यात मुख्य खुर्ची कालभैरवासाठी राखीव आहे आणि ठाणेदार बाजूच्या खुर्चीवर बसतो. सरकारी कार्यालयात खुर्ची दिसते आणि साहेब दिसत नाही, हा अनुभव सर्वांनाच आहे. कारण देणारे ठाणे हे एकच.

दुसरी परंपरा 1 एप्रिलच्या महामूर्ख मेळ्याची. राजेंद्रप्रसाद घाटावर ‘शनिवार गोष्ठी’ ही संस्था तो पाच दशकांहून अधिक काळ भरवते. आरंभ गाढवाच्या ओरडण्याने होतो. मग लग्न लागते: नवरी पुरुष, नवरा बाई, भटजी हवे ते मंत्र म्हणतो. लग्न तिथेच मोडते, सर्वांदेखत. महाराष्ट्रात सोडमुंजीनंतर काठी-छत्री घेऊन काशीला निघालेल्या बटूला मामा मुलगी देण्याचे आमिष दाखवून मांडवातच अडवतो; मामाला हा मेळा ठाऊक असावा.

ज्यांना तो पाहायचा असेल त्यांनी 1 एप्रिलला संध्याकाळी रामघाटावरून नाव करावी, भाडे आधी ठरवावे. आमंत्रण लागत नाही. पात्रतेची चौकशी होत नाही. मलइयोसाठी मात्र वेगळी फेरी करावी, कारण एप्रिलात तो मिळत नाही.