चंद्राला प्रदक्षिणा घातलेलं झाड

"काकू, लेकीकडे फिलाडेल्फियाला गेले होते ना, तिथल्या वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये 'चंद्रवृक्ष' बघून आले!"

"चंद्रावर झाडं कधीपासून उगवायला लागली गं?"

"उगवलं पृथ्वीवरच, बी तेवढं जाऊन आलेलं. १९७१चं अपोलो १४ आठवतंय? त्यात स्टुअर्ट रूसा होता. हा आधी वनखात्यात. वणवा पेटला की विमानातून पॅराशूटनं उडी मारायची नि आग विझवायची, हे त्याचं काम. म्हणून वनखात्यानं त्याच्याबरोबर सुमारे ५०० बिया धाडल्या. बाकीचे दोघं चंद्रावर हिंडले, एकानं तर गोल्फचे चेंडू टोलवले. हा मात्र बिया घेऊन वरच्यावर ३४ फेऱ्या मारत बसला."

"म्हणजे चंद्राला पाय लागलेच नाहीत! लग्नाला जायचं नि मांडवाबाहेरूनच परतायचं."

"पुढचं ऐका तर! परत आल्यावर निर्जंतुक करताना डबीच फुटली. पाच जातींच्या बिया एकमेकींत मिसळल्या. सगळ्यांनी आशा सोडली. पण क्रुगमन म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी हातानं निवडून वेगळ्या केल्या, आणि चारशेच्या वर रोपं आली!"

"पानं चंदेरी वगैरे?"

"छे हो! शेजारी साधी रोपंही लावून पाहिली, काडीचा फरक नाही. मी पाहिला तो सिकॅमोर, आपल्या काश्मीरच्या चिनाराचा चुलतभाऊ. साल पापुद्र्यांनी सुटते, आत पांढुरकं खोड. माहीत नसतं तर मी वळूनही पाहिलं नसतं."

"मग एवढा बडेजाव कशाला?"

"१९७६ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याची दोनशे वर्षं भरली ना! जो तो झाड मागायला लागला. जपानच्या सम्राटालासुद्धा एक गेलं."

"फोटो काढले असतील भरपूर. पुढे?"

"पुढे काय, कुठे कुठे लावली याची धड यादीच नाही! १९९६च्या सुमारास इंडियानातल्या तिसरीच्या पोरांनी आणि त्यांच्या बाईंनी नासाला विचारलं, आमच्या इथलं हे झाड कसलं? तेव्हा कुठे शोधाशोध सुरू झाली. तोवर रूसा जाऊन दोन वर्षं झालेली. आणि मी पाहिलं तेही मूळचं नव्हे हो. १९७५ला रूसानं स्वतः लावलेलं वाळलं, आता तिथे त्याचा क्लोन आहे."

"बघ! आणि आपल्याकडच्यांनाच नावं ठेवतात. आपण नाही का काही पाठवलं वर?"

"पाठवलं की! इस्रोनं २०२४च्या अखेरीस चवळी पाठवली, चार दिवसांत कोंब. शुभांशू शुक्लांनी २०२५मध्ये अंतराळस्थानकात मूग नि मेथी रुजवली."

"हे बेस! पाटी लावायला नको, उद्घाटन नको. बरं, तू कमिटीत आहेस ना? गेल्या पावसाळ्यात सोसायटीनं लावलेली झाडं कुठे नि किती, त्याची आधी एक वही घाल."