परिपत्रकवहिनी

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटे सगळ्या आया गजर बंद करून परत कुशीवर वळतात, तेव्हा 'आज डब्यात काय नको' याची यादी टाकणारी एक बाई असते. तुमच्या शाळेत ती असणारच. नसेल तर बदली होऊन येते आहे असं समजा. आमची दुसऱ्या मजल्यावर राहते. तोंडावर सगळे तिला वहिनी म्हणतात, पाठीमागे परिपत्रकवहिनी.

वहिनींचं सगळं आयुष्य एका प्रश्नात मावतं : "त्यात काय काय आहे?"

हा प्रश्न त्या खाऊच्या डब्याला विचारतात तोवर ठीक. पण वहिनी रजेवर जात नाहीत. बारशाच्या घुगऱ्या पुढे केल्या, काय काय आहे? डोहाळजेवणातला पंचामृताचा चमचा, काय काय आहे? संक्रांतीला समोरची बाई "तिळगूळ घ्या" म्हणून हात पुढे करून उभी, आणि वहिनी सांगतायत, "अमेरिकेत 2023 पासून तीळसुद्धा पाकिटावर स्पष्ट लिहावे लागतात हं." यावर गोड काय बोलायचं?

सोसायटीच्या सत्यनारायणाला त्यांनी थेट गुरुजींनाच गाठलं. "शिऱ्यात काय काय आहे?" आम्ही माना खाली घातल्या. पण गुरुजी खुलले. "रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा," असं मापासकट त्यांनी सुरू केलं ते केळ्यापर्यंत. एवढं मन लावून कोणी त्यांची कथाही ऐकली नव्हती. वहिनी सगळं लिहून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "दाणे नाहीत ना?" गुरुजींनी प्रथमच त्यांच्याकडे संशयाने पाहिलं.

दाणे हे वहिनींचं खरं दुखणं. मराठी स्वयंपाकघरात दाण्याचं कूट कुठे असतं हे विचारू नये, कुठे नसतं ते विचारावं. काकडीच्या कोशिंबिरीत ते, भरल्या वांग्यात ते, साबुदाण्याच्या खिचडीत तर तेच. वहिनींनी ग्रुपवर 'कूटमुक्त सोमवार' जाहीर केला, तेव्हा एका आईने विचारलं, "मग उपास सोडायचा की धरायचा?"

तसे नियम वरूनही येतच असतात. 2017 साली राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून वेफर्स, पिझ्झा, बर्गर यांना घालवून दिलं. पुढे केंद्राच्या अन्न सुरक्षेच्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून 50 मीटरपर्यंत असलं चरबी-साखर-मिठाचं खाणं विकायला बंदी केली. 51व्या मीटरवर काय उभं असतं ते मुलांना विचारा. 2025 मध्ये सीबीएसईने भिंतीवर साखरेचे फलक लावायला सांगितले. वहिनींना ही सगळी परिपत्रकं पाठ. आम्हाला वाटायचं, त्याच लिहीत असाव्यात.

त्यामुळे वाढदिवसाला घरचा खाऊ आणायचा नाही, फक्त पाकीटबंद वस्तू वाटायच्या, अशी सूचना शाळेने काढली तेव्हा खापर वहिनींवरच फुटलं. घरचा लाडू बाद, क्रीमचं बिस्कीट पास! कारण काय, तर बिस्किटाच्या पाकिटामागे सगळं लिहिलेलं असतं.

पालकसभेत उभ्या राहिल्या त्या वहिनी. "पाकिटावर लिहितात, शेंगदाण्याचा अंश असू शकतो. असू शकतो म्हणजे काय? आहे की नाही? आईला मी रात्री दहाला फोन करून विचारते, ती सांगते आहे किंवा नाही. कंपनीला रात्री दहाला कुठे विचारू?" मुख्याध्यापिकाबाईंकडे उत्तर नव्हतं. सूचना मागे गेली.

तेव्हा कुठे कळलं की वर्गात एका मुलाचा घसा दाण्याने सुजतो. प्रत्येक वाढदिवसाला तो पोरगा बाजूला बसून केळं खायचा. वहिनींशी त्याचं नातं काही नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा खडू खाऊनही ढेकर देईल. पण त्या पोराच्या हातावर बाकीच्यांचा लाडू पडावा म्हणून ही बाई घरोघरच्या शिव्या खात होती. चांगुलपणा इतक्या कटकटीचा असायलाच हवा का, हा माझा प्रश्न मात्र अजून कायम आहे.

कारण सूचना गेली आणि फॉर्म आला. 'गृहनिर्मित खाऊ : घोषणापत्र.' धाकटीच्या वाढदिवसाला बेसनाचे लाडू करायचे म्हणून माझ्या आईने तो भरला. बेसन : डब्यात असेल तेवढं. तूप : बेसन घेईल तेवढं. साखर : गोड लागेल इतकी. वेळ : वास सुटेपर्यंत.

फॉर्म परत आला. शेरा, 'अपूर्ण'. पाठोपाठ वहिनी आल्या, वजनकाटा घेऊन. आई कढईशी, वहिनी काट्याशी. आईने साखरेची मूठ भरली की वहिनी मनगट धरायच्या, "काकू, आधी इथे." आई वैतागली. "अगं, लाडू वळतेय की सोनं मोडतेय?" बेसन खमंग झालं, आणि गॅस बंद करता करता आईने सवयीने दुधाचा हबका मारला. कढई फसफसली. वहिनी ओरडल्या, "काकू, दूध! दूध फॉर्ममध्ये नव्हतं!"

सासूचे लाडू असे रवाळ कसे होतात, हे माझ्या बायकोला इतक्या वर्षांत उमगलं नव्हतं. आईने कधी लपवलं नाही, तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. विचारलं होतं सगळ्यांनी, पण "छान झालेत हो, कसे केलेत?" असं, तोंडात लाडू असताना. वाफ अंगावर घेत, काटा सांभाळत कोणी विचारलं नव्हतं.

आई गेल्याला आता दिवाळी येऊन गेली. तिच्या हातच्या एकाच पदार्थाचं माप आमच्याकडे ग्रॅममध्ये आहे, तेही शाळेच्या फायलीतल्या कागदाच्या झेरॉक्सवर. खाली वहिनींचा लाल पेनातला शेरा : 'साखर जास्त. पुढील वेळी कमी करावी. चव उत्तम. मंजूर.'

साखर आम्ही कमी करत नाही.