क्वेरीबुवा

पुण्यातल्या कुठल्याही आयटी ऑफिसात, एसीच्या नेमक्या झोताखाली मफलर गुंडाळून बसलेले एक गृहस्थ सापडतातच. व्हिजिटिंग कार्डावर हुद्दा काहीही असो, मजल्यावर ते क्वेरीबुवा. महिनाअखेरीला रिपोर्ट रुसला की भल्याभल्यांची पावलं तिकडे वळतात.

बुवा कोड लगेच बघत नाहीत. आधी उलटतपासणी.

"चालवलीस कुठे?"

"मॅनेजमेंट स्टुडिओत, सर. तिथं छान चालते. ॲक्सेसच्या पासथ्रू क्वेरीत टाकली की एरर."

हे ऐकून बुवांचा चेहरा जो खुलतो, तो इन्क्रिमेंटच्या पत्रानंही खुलत नसावा.

"गो लिहिलंयस?"

"वर आहे ना, यूजच्या ओळीखाली."

"काढ! गो सर्व्हरच्या गावीच नाही. तो स्टुडिओचा घरातला इशारा, इथवरची बॅच पाठव म्हणून. ॲक्सेस मात्र सगळं बंद पाकिटातून पाठवतं, आत काय आहे ते उघडूनसुद्धा बघत नाही. फॉर्मवरच्या तारखेचा उल्लेख क्वेरीत केलास तरी सर्व्हर विचारणार, कुठला फॉर्म? तारीख व्हीबीएमधून मजकुरातच भरायची. आणि आठ आकडी लिही, २०२४०४०१ अशी. मधे तिरप्या रेघा दिल्यास की एक एप्रिलची चार जानेवारी व्हायला वेळ लागत नाही."

एवढ्यात चहा येतो, पण बुवा थांबत नाहीत. सर्व्हर किती सालचा, हा पुढचा प्रश्न. डिक्लेअर करतानाच किंमत देण्याची सोय २००८च्या आवृत्तीपासूनची. त्याआधीच्या सर्व्हरवर सेट वेगळं लिहावं लागे, हे ते स्वातंत्र्यसैनिकाच्या सुरात सांगतात. समोरच्या मुलीचा सर्व्हर २०१९चा आहे, हे त्यांना सांगण्याची कुणाची छाती होत नाही.

एकदा अकाउंट्समधल्या एका हुशारानं व्हेरिएबल एका पासथ्रू क्वेरीत डिक्लेअर केलं आणि दुसरीत वापरलं. १३७ नंबरचा एरर आला, स्केलर व्हेरिएबल डिक्लेअर करा म्हणून. "केलंय की!" असं तो स्क्रीनशीच भांडत होता. बुवांनी त्याला खुर्ची दिली आणि हळू आवाजात सांगितलं, "बॅच संपली की व्हेरिएबलही संपतं." सांत्वनाला आल्यासारखे सगळे पाच मिनिटं गप्प.

गो काढला, तरी मुलीचा रिपोर्ट रिकामाच. बुवांना हेच हवं असतं. टेम्प टेबलात डेटा भरताना सर्व्हर 'इतक्या ओळी भरल्या' असं कळवतो आणि ॲक्सेस त्यालाच उत्तर समजून मोकळं होतं. बुवा माउस स्वतःकडे ओढतात, सगळ्यांत वर सेट नोकाउंट ऑन टाइप करतात, आणि आकडे धडाधड उतरतात.

"हे सगळं स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये टाका," उठताना बुवा बजावतात. "पासथ्रूत एक एक्झिक्यूटची ओळ, की झालं."

ती प्रोसीजर आजवर कुणी केलेली नाही. त्याची परवानगी डीबीए देतो, आणि डीबीएशी बुवांचं बोलणं बंद आहे.