पंचवटीतले शटर
घराखालच्या गाडीखान्याला पंचवटीत सहसा लोखंडी शटरच लागते. पत्रा गॅल्व्हनाइज्ड घ्यावा, कडेच्या खाचांत ग्रीस भरावे आणि खालची पट्टी दर पावसाळ्याआधी रंगवावी; गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पुराचे पाणी लागले, की काठच्या सखल गल्ल्यांत गंज तळापासून चढतो. मोटरवर चालणाऱ्या शटरला हाताने ओढायची साखळी हवीच, कारण वीज विचारून जात नाही. सरकत्या फाटकाला बाजूला भिंतभर जागा लागते. तिथे नेमके तुळशीवृंदावन असते. जुन्या वाड्याच्या दिंडीतून तर स्कूटरही आरसे मिटून आत शिरते. एवढ्या निवडीनंतर शटर वर जाते आणि दिसतात पिंपे, मोडका कूलर, गणपतीचे मखर. गाडी रस्त्यावरच, ‘शटरसमोर वाहन लावू नये’ या पाटीला टेकून.