फ्रान्सात रीतसर वाट चुकावी कशी

फ्रान्सच्या ग्रामीण मुलुखात सायकलीवरून, आणि तीही जवळ नकाशा न बाळगता, आठ-पंधरा दिवसांची मजल मारण्याचा ज्यांचा मनोदय आहे, त्यांनी प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, ज्या देशाच्या नकाशापायी कासिनी नावाच्या एकाच घराण्याच्या चार पिढ्या खपल्या, आणि ज्या देशाने मीटरची लांबी कायम करण्याकरिता राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमीत, १७९२ पासून १७९८ पर्यंत, डंकर्क ते बार्सिलोना एवढी पृथ्वी मोजून काढली, त्या देशात वाट चुकणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. आपल्या सह्याद्रीत ते भल्या पहाटेच्या धुक्यात विनासायास घडते. तेथे मात्र त्यासाठी साधना करावी लागते. आम्ही व आमचे मेहुणे यांनी ती लिमुझँ प्रांतात नऊ दिवस केली, आणि तीतून जे अनुभवजन्य ज्ञान पदरी पडले ते इच्छुकांच्या उपयोगार्थ येथे दाखल करीत आहोत.

क्षेत्राची निवड विचारपूर्वक करावी. ल्वार नदीच्या काठाने जो सायकलमार्ग जातो, त्यावर सरकारने पाट्यांचा असा चोख बंदोबस्त ठेवला आहे, आणि नदी स्वतःच अशी एकनिष्ठेने पुढेपुढे वाहत असते, की तेथे वाट चुकण्याची आशाच सोडावी. त्यापेक्षा मिलवाशचे पठार गाठावे. या नावाचा शब्दशः अर्थ ‘हजार गाई’ असा होत असला, तरी त्याचा गाईंशी काडीचाही संबंध नाही असे व्युत्पत्तिपंडित सांगतात. तांबूस रंगाच्या त्या धष्टपुष्ट लिमुझँ गाईंच्या कानी हे अद्याप गेलेले दिसत नाही. या पठाराचा खरा गुण निराळाच आहे. येथेच व्हिएन नदी उगम पावते आणि येथेच वेझेरही. पैकी पहिली उत्तरेचा रोख धरून ल्वारला मिळते, तर दुसरी नैर्ऋत्येस जाऊन दोर्दोन्यला. सबब, ओहोळाच्या काठाने गेले की माणूस कोठेतरी पोहोचतोच, या आपल्या वाडवडिलांच्या सूत्रावर विसंबून जो प्रवासी निघतो, तो पोहोचतो हे खरे. परंतु कोठे पोहोचेल ते उगमाशी केवळ कोणत्या बाजूच्या चिखलात पाय पडला यावर अवलंबून राहते.

रस्त्याच्या कडेला पिवळ्या माथ्याचे मैलाचे दगड अजून जागोजाग उभे आहेत आणि त्यांवर रस्त्याचा क्रमांक व पुढील गावाचे अंतर कोरलेले असते. त्यांच्याकडे पाहू नये. नजर पडलीच, तरी खचून जाण्याचे कारण नाही, कारण १७९० साली देशाचे जे जिल्हे पाडले गेले त्यांतील एकाची सरहद्द ओलांडताच त्याच रस्त्याचा क्रमांक बहुधा बदलतो, आणि सकाळपासून तोंडपाठ केलेला आकडा दुपारी निरुपयोगी ठरतो. गावात शिरताना गावाचे नाव दिसते; गाव सोडताना तेच नाव पुन्हा दिसते, मात्र त्यावर तांबडी तिरपी रेघ मारलेली असते. महसूल खात्यात हयात घालविलेल्या आमच्या मेहुण्यांनी पहिल्या दिवशी, ‘गावाची नोंद रद्द झालेली दिसते, भावोजी,’ असा निष्कर्ष काढला आणि संध्याकाळपर्यंत त्या बिचाऱ्या ग्रामस्थांबद्दल हळहळत राहिले. २०२३ च्या अखेरीस तर शेतकऱ्यांनी, राज्यकारभार डोक्यावर चालला आहे हे सरकारच्या निदर्शनास आणण्याकरिता, देशभर गावांच्या पाट्याच उलट्या करून लावल्या होत्या. त्या सुवर्णकाळी आम्ही तेथे नव्हतो, याची खंत आहे.

साधकाला सर्वांत मोठे साह्य होते ते दोन पाट्यांचे. बऱ्याचशा गावांतील चौकात एका बाणावर ‘सर्व दिशा’ असे लिहिलेले असते. एकाच रस्त्याने सर्व दिशांस जाता येते, हे अद्वैत मत आमच्या कोणत्याही आचार्याने इतक्या थोडक्या शब्दांत आणि इतक्या ठळक अक्षरांत मांडलेले नाही. परंतु आपण त्या समाधानात दोन-चार फर्लांग जातो न जातो तोच दुसरी पाटी येते, आणि तिच्यावर ‘इतर दिशा’ असे असते. सर्व दिशा डावीकडे गेल्यावर उजवीकडे उरल्या त्या इतर दिशा कोणत्या? मेहुण्यांनी सायकल भिंतीला टेकविली आणि या प्रश्नावर आम्ही उभयतांनी पाऊण तास खल केला. अखेर ‘इतर’च्या बाजूने निघालो व वीस मिनिटांत ‘सर्व’च्या पाटीखाली परत आलो.

वाटसरूला रस्ता विचारणे नियमबाह्य मानू नये. उलट, वाट चुकण्याचा तो राजमार्ग होय. फ्रेंच भाषेत सरळ जाण्यास ‘तू द्र्वा’ म्हणतात आणि उजवीकडे वळण्यास ‘आ द्र्वात’. म्हणजे आपले सारे भवितव्य शेवटच्या एका तकारावर टांगलेले असते. पावाची गाडी भोंगा वाजवीत आली म्हणून दारात आलेल्या एका वृद्ध बाईंनी आम्हांस मोठ्या अगत्याने मार्ग सांगितला.

‘भावोजी, सरळ म्हणाल्या.’

‘उजवीकडे म्हणाल्या. मी त ऐकला.’

‘तो त नव्हता, त्यांनी पाव मोडला.’

पुन्हा विचारण्याचा संकोच वाटून आम्ही डावीकडे गेलो.

गावाचे नाव पक्के ठाऊक असले म्हणजे निभावते, असे कोणी समजू नये. चवथ्या शतकातील तूरचे बिशप संत मार्तँ यांनी थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यास आपला अर्धा झगा कापून दिला अशी आख्यायिका आहे; नाव मात्र त्यांनी सढळ हाताने अखंडच वाटले, कारण फ्रान्समध्ये त्यांच्या नावाची गावे दोनशेहून अधिक आहेत. एकट्या लिमुझँमध्ये सँ-मार्तँ-शातो आहे, सँ-मार्तँ-तेरेस्यूस आहे, सँ-मार्तँ-ल-व्हिय आहे. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द एवढ्यावर भागते, आणि दोन्ही गावे बहुधा शेजारीच असतात. आमची खोली सँ-मार्तँ येथे राखून ठेवलेली होती आणि आम्ही सँ-मार्तँ येथे पोहोचलोही होतो. पण घरमालकिणीने आमचे नाव दफ्तरात नसल्याचे सांगितले, ते खरेच होते.

उदरभरणाविषयी एवढेच की, खेड्यातील दुकाने दुपारी बारा ते दोन बंद असतात, पुष्कळ ठिकाणी सोमवारी दिवसभर, आणि भूक नेमकी त्याच वेळी लागते. पाणी मात्र दफनभूमीत मिळते. तेथे फुलझाडांसाठी नळ असतो, फक्त त्यावर ‘पिण्यास अयोग्य’ अशी पाटी नाही ना, ते पाहावे. गावच्या मेरीत, म्हणजे ग्रामकचेरीत, चौकशी करण्यास हरकत नाही, कारण लहान गावांत ती आपल्या तलाठ्याप्रमाणे आठवड्यातील ठराविक वेळीच उघडी असते, आणि आपण जातो ती वेळ ती नसते.

आमचा संकल्प लिमोजहून दक्षिणेस त्युल या गावी जाण्याचा होता. नवव्या दिवशी सायंकाळी दूरवर एक उंच मनोरा दृष्टीस पडला, तेव्हा मेहुण्यांनी सायकलीवरून उतरून त्युलच्या कॅथेड्रलास भक्तिभावाने हात जोडले. तो लिमोजच्या रेल्वे-स्थानकाचा घड्याळाचा मनोरा होता. १९२९ साली सुरू झालेल्या त्या स्थानकाचा हा मनोरा साठ मीटरांहून उंच आहे, आणि तेथून निघताना आम्ही त्याच्याच खाली उभे राहून सायकलींत हवा भरली होती.