वाचन बंद, व्याख्यान सुरू
१५ ऑक्टोबर जवळ आला, की आमच्या गावच्या वाचनालयात वाचता येत नाही. डॉ. कलामांचा जन्मदिवस, वाचन प्रेरणा दिन! टेबलं व्हरांड्यात जातात, स्पर्धा परीक्षेची पोरं कडुनिंबाखाली, आणि मोकळ्या झालेल्या हॉलमध्ये व्याख्यान: 'तरुण पिढी वाचते का?' पोरांनाही ते ऐकावंच लागतं. भोंगा त्याच झाडाला बांधलाय.

फलकावर पुढचे कार्यक्रमही आहेत. शेतकऱ्यांसाठी ताणमुक्तीची कार्यशाळा, तीही ऐन कापूस वेचणीत, दुपारी २ वाजता. कोण येईल बाप्पा? समोर बसतात ते संचालक, त्यांचे नातू आणि गेल्या वर्षीचे वक्ते. फोटो मात्र भरगच्च येतो. वाचनालयाला 'ड' वर्गातून 'क' वर्गात जायचं, तर अहवाल जाडजूड हवा.

२०१९ च्या यवतमाळच्या साहित्य संमेलनात लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, देशभर बोभाटा झाला. आमच्याकडे ती भीती नाही. आमचे वक्ते वादग्रस्त काही बोलत नाहीत. तासभर काहीच बोलत नाहीत.

पुस्तकं उद्याही मिळणार नाहीत. कपाटाची किल्ली शाल-श्रीफळाच्या पिशवीतून वक्त्यांसोबत दारव्ह्याला गेलीय.