आय-सेव्हन नापास, सेलेरॉन पास

2025 साली दसरा आला 2 ऑक्टोबरला आणि विंडोज 10 ची मुदत संपली 14 ऑक्टोबरला. म्हणजे भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये डीएनसीच्या कॉम्प्युटरला घातलेली झेंडूची माळ पुरती वाळलीही नव्हती, तोच तो अधिकृतरीत्या निराधार झाला.

हा कॉम्प्युटर करतो एकच काम. आमच्या जुन्या व्हीएमसीच्या, म्हणजे मोल्ड कापणाऱ्या मशीनच्या, मेमरीत मोल्डचा अख्खा प्रोग्राम मावत नाही, म्हणून लहान पोराला घास भरवावा तसा हा तो थोडा थोडा भरवत राहतो. रात्रभर. इंटरनेट त्याने आजवर पाहिलेलं नाही. त्याला व्हायरस लागायचा तर कोणाला तरी पेनड्राइव्ह घेऊन चालत यावं लागेल, आणि वाटेत मामा बसलेले असतात. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. ते मालकाच्या मेव्हण्यालाही मशीनपाशी फिरकू देत नाहीत.

पण आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाचा ऑडिट फॉर्म आला. ‘सर्व संगणकांवर मुदतीतली ऑपरेटिंग सिस्टिम आहे का? हो / नाही.’ ‘नाही’च्या पुढे खुलाशाला अर्धी ओळ. त्यांची भीती अगदीच खोटी नाही म्हणा. जून 2017 मध्ये न्हावाशेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल व्हायरसच्याच एका हल्ल्यात ठप्प झालं होतं आणि कंटेनरवाल्यांचे हाल कुत्रं खात नव्हतं. तर मालक म्हणाले, “अकरा टाकून घ्या ना. असा कितीसा खर्च येतोय?”

अकराच्या अटी वाचायला तशा गरीब वाटतात. 1 गिगाहर्ट्झचा दोन कोअरचा 64 बिट प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा. आमच्याकडे रॅमच 16 जीबी! मी कॉलर ताठ केली. पुढे युईएफआय, सिक्युअर बूट आणि टीपीएम 2.0. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी व्यवस्था. आमच्याकडे टूल स्टोअरची किल्ली कुलपाशेजारच्याच खिळ्याला असते, त्यामुळे कल्पना नवीन होती. आयटीवाला पोरगा म्हणाला, “सर, टीपीएम असणार आतच, बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं.” कूलंटचा थर खरवडून कीबोर्डवरचं डिलीट शोधलं, बायोस उघडलं, चालू केलं. डिस्कची मांडणी जुनी, एमबीआर निघाली; सिक्युअर बूटला नवी, जीपीटी लागते. तेही जमेल म्हणाला. मामांनी चहा मागवला.

मग घोडं पेंड खाऊ लागलं ते प्रोसेसरपाशी. आमचा आय-सेव्हन 7700, जानेवारी 2017 चा. मालकांनी ‘सगळ्यात भारी द्या’ म्हणून घेतलेला. इंटेलच्या यादीत प्रवेश, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून पुढे. हा सातव्या पिढीतला. नापास. आणि अकाउंट्समधला सेलेरॉन एन 4000 वाला लॅपटॉप, ज्याला दोन फाइली एकदम उघडल्या की घाम फुटतो, तो पास! अकाउंटंटबाई दिवसभर उगाचच शॉपफ्लोअरवर चक्कर मारत होत्या.

“मग नवीन घ्या,” मालक म्हणाले. इथून खरी गंमत. कारण आमच्या कॉम्प्युटरकडून कामाच्या ज्या अपेक्षा आहेत, त्यातली एकही त्या यादीत नाही. त्याला आरएस-232 चा खराखुरा पोर्ट हवा. यूएसबीचा कन्व्हर्टर लावून पाहा, असं सगळे सांगतात. सांगणाऱ्याचा जॉब रात्री तीनला मशीनवर नसतो. घाईत एखादं टिंब गळलं की टूल भलतीकडे जातं आणि मोल्डवर मालकाच्या कपाळाएवढी आठी उमटते. त्याला पंखा नको, कारण पंखा हवेबरोबर कूलंटचा धूरही ओढतो. आणि मागे प्रिंटरचा जुना पॅरलल पोर्ट हवाच हवा, कारण डीएनसीच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, तिथेच बसतो. त्या डोंगलचा ड्रायव्हर 32 बिट. अकरा मिळतं फक्त 64 बिटमध्ये. ड्रायव्हर लिहिणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. म्हणजे कॉम्प्युटर बदलला की सॉफ्टवेअर बदला, सॉफ्टवेअर बदललं की पोस्ट प्रोसेसर, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा दुभाषा, नव्याने लिहा, आणि कोटेशन देणाऱ्याने जाता जाता सुचवलं की एवढं करताय तर कंट्रोलरही बदलूनच टाका. कोटेशनचा आकडा पाहून मालकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. आकडा तोच होता.

शेवटी धावून आला तो इंडस्ट्रियल पीसीवाला डीलर. त्याने सांगितलं, कारखान्यांसाठी विंडोजची वेगळी आवृत्ती असते: आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी. दुकानात मिळत नाही, अशा डीलरकडूनच येते. तिच्यातल्या 2024 च्या अकराला टीपीएम नसलं तरी चालतं, पण 32 बिट नाही, म्हणजे डोंगल पुन्हा आडवा. मात्र तिच्यातलंच 2021 चं विंडोज 10 आहे, ते 32 बिटमध्ये मिळतं आणि त्याची मुदत 13 जानेवारी 2032 पर्यंत!

एका रविवारी ते टाकलं. डोंगल चालला, पोर्ट चालला, व्हीएमसी फिरली. फॉर्मवर मी ठसठशीत ‘हो’ लिहिलं.

मामा मागे उभे होते. “साहेब, आधी कोणतं होतं?”

“दहा.”

“आता?”

“दहाच, मामा. पण वेगळं.”

मामांनी हातातल्या कॉटन वेस्टने स्क्रीन पुसला, दोन्हीकडून नीट पाहिला आणि म्हणाले, “बिल कोणत्या दहाचं आलं, ते मालकांना तुम्ही सांगा.”